500 फुटांच्या आत

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी सकाळी, आमचे शेजारी हातात घडी केलेला कागद घेऊन मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मध्यभागी, वूस्टर शहरापासून अर्ध्या तासावर असलेल्या या गावात आम्ही घर घेतले तेव्हापासून हे गृहस्थ आमचे शेजारी आहेत. आयुष्यभर सुतारकाम करून आता निवृत्त झालेले, हिवाळ्यात पहाटे कुणी न सांगता आमच्या दारासमोरचा बर्फ लोटून ठेवणारे, माझ्या मुलीला रंधा कसा धरायचा हे शिकवणारे असे हे गृहस्थ. त्यांनी चौदा वर्षांत माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. त्या दिवशी मागितले. कागदावर चार ओळी टंकलेल्या होत्या : या घराचा मालक या नात्याने मी त्यांना माझ्या घरापासून 500 फुटांच्या आत कायोटी या कोल्ह्यासारख्या रानटी जनावराची शिकार करण्यास हंगाम संपेपर्यंत, म्हणजे 8 मार्चपर्यंत, संमती देत आहे. खाली सहीची जागा मोकळी होती.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या पत्नीचा कुत्रा गेला होता. जेमतेम चार किलो वजनाचा, पांढरा, म्हातारा कुत्रा; रोज रात्री साडेनऊच्या सुमारास तो पाच मिनिटे मागच्या अंगणात जाऊन परत यायचा. त्या रात्री तो परत आला नाही. ओरडल्याचा आवाजसुद्धा कुणाला ऐकू आला नाही. सकाळी त्यांना अंगणाच्या टोकाला, जुन्या दगडी बांधाजवळ, त्याचा पट्टा सापडला.

मी त्यांच्याकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला. एका सहीला वेळ कशाला, असे त्यांना वाटले असेल, पण ते काही बोलले नाहीत.

या राज्यातला कायदा असा आहे की लोक राहत असलेल्या कोणत्याही घरापासून 500 फुटांच्या आत, त्या घरातल्यांच्या संमतीवाचून, शिकारीसाठी बंदूक चालवता येत नाही. पक्क्या रस्त्यापासून 150 फुटांच्या आतही चालवता येत नाही, आणि रविवारी तर शिकारीला पूर्ण बंदी आहे. 500 फूट म्हणजे सुमारे 152 मीटर. त्या शनिवारी दुपारी मी कागदावर हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आले की प्रत्येक घर स्वतःभोवती जवळजवळ 18 एकरांचे एक वर्तुळ आखून बसलेले असते. आमच्या रस्त्यावरची घरे एकमेकांपासून सत्तर-ऐंशी मीटरवर आहेत, त्यामुळे ही वर्तुळे एकमेकांवर चढलेली आहेत आणि मधे कुठेही मोकळी फट उरत नाही. शेजाऱ्यांच्या स्वतःच्या अंगणातसुद्धा त्यांना आमच्या आणि पलीकडच्या घराच्या होकाराशिवाय बंदूक उचलता येत नव्हती. पलीकडच्यांनी सही दिली होती.

कायोटी हे नाव मूळ मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आले. आई इथे प्रथम आली तेव्हा तिने तो खिडकीतून पाहिला आणि निःशंकपणे सांगितले, ‘कोल्हा आहे, पण लांडग्याच्या अंगाचा.’ तिचे हे वर्णन किती अचूक होते ते मला नंतर वाचताना कळले. ईशान्य अमेरिकेतल्या या कायोटींच्या जनुकांचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यांच्यात सुमारे 62 टक्के अंश पश्चिमेकडच्या मूळ कायोटीचा, चतुर्थांशाहून किंचित अधिक लांडग्याचा आणि दहावा हिस्सा पाळीव कुत्र्याचा आहे. नराचे वजन पंधरा ते एकवीस किलोपर्यंत भरते. म्हणजे आपल्याकडच्या कोल्ह्याच्या जवळपास दुप्पट.

हा प्राणी इथला नव्हता, ही गोष्ट शिकारीच्या चर्चेत फार क्वचित निघते. इथे लांडगे होते. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने 1630 मध्येच लांडगा मारणाऱ्याला इनाम जाहीर केले, आणि पुढच्या दोन शतकांत लांडगा या भूभागातून संपला. जंगलही कापले गेले, त्याच्या जागी मेंढ्यांची कुरणे आली, आणि शेतकऱ्यांनी जमिनीतून निघालेले दगड रचून बांध घातले. मग शेती पश्चिमेकडे सरकली, कुरणे ओस पडली, जंगल परत उगवले आणि बांध झाडीत तसेच राहिले. आमच्या मागच्या झाडीतला बांध त्यांपैकीच एक. लांडग्याची जागा रिकामी होती. पश्चिमेचा कायोटी उत्तरेकडच्या सरोवरांच्या प्रदेशातून, वाटेत उरल्यासुरल्या लांडग्यांशी सोयरीक करत, पूर्वेकडे आला आणि 1950च्या दशकात या राज्यात पहिल्यांदा दिसला. आज नॅन्टकेट आणि मार्थाज् व्हिनयार्ड ही दोन बेटे सोडली तर इथल्या प्रत्येक गावात तो नांदतो. ज्या प्राण्याला मारण्यासाठी माझी सही हवी होती, तो एका जुन्या, पूर्ण यशस्वी झालेल्या शिकारीमुळेच इथे आला होता. दुपारभर हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही, पण तो शेजाऱ्यांना सांगण्याजोगा नव्हता. ज्याच्या घरातला जीव गेला आहे त्याला 1630 सालचा इतिहास ऐकवू नये.

सांगण्याजोगी गोष्ट दुसरीच होती, आणि तीच सांगणे मला अवघड जात होते.

आमची आई जुन्नर तालुक्यातल्या एका गावात आयुष्य काढलेली बाई आहे. त्या वर्षी मे महिन्यात ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आमच्या गावच्या घरी शेवटची भाकरी कुत्र्याची असते. ती कुणी मोजत नाही, कुणी तिचा विचार करत नाही. तव्यावरून उतरली की बाजूला ठेवली जाते. इथे आमच्याकडे कुत्रा नाही. म्हणून आई रोज संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर उरलेली भाकरी किंवा पोळी, कधी भात, कधी चिकनच्या रश्श्यात कालवलेले तुकडे, अंगणाच्या टोकाला बांधावरच्या एका सपाट दगडावर ठेवून यायची. पाखरांना होईल, खारींना होईल, असे ती म्हणायची. मी ते पाहत होतो. मी तिला अडवले नाही, कारण त्या दगडाकडे जाणारी तिची पाठमोरी आकृती पाहून मला गावच्या ओसरीवर बसल्यासारखे वाटायचे. त्या सुखासाठी मी डोळे मिटून घेतले, हे मला इथे स्पष्ट लिहायला हवे.

त्याच बांधाजवळच्या एका ओकच्या झाडाला मी तीन वर्षांपूर्वी, समोरून काही हलले की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा बांधला होता. उन्हाळाभर मी त्यातले कार्ड काढून पाहिलेच नव्हते. त्या शनिवारी दुपारी पाहिले. सप्टेंबरच्या तीस रात्रींपैकी एकोणीस रात्री एकच कायोटी त्या दगडापाशी आला होता. तो ओळखू येत होता, कारण कायोटीच्या शेपटीचा काळा शेंडा त्याला नव्हता. कधीतरी तुटला असावा. जूनमध्ये तो मध्यरात्रीनंतर येई, दगडापासून दूर थांबून पुष्कळ वेळ हुंगत उभा राही. ऑगस्टमध्ये तो दहाच्या सुमारास येऊ लागला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो नऊ वाजता, घरात दिवे चालू असताना, दगडावर पुढचे पाय ठेवून खात होता. त्या दगडापासून शेजाऱ्यांचे अंगण तीस पावलांवर आहे.

कुत्रा त्यानेच नेला असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण माणसाच्या घराजवळ संध्याकाळी अन्न असते हे त्याला कुणी शिकवले, ते मी सांगू शकतो.

कायोटी मुळात काय खातो याविषयी शिकागोत फार मोठे काम झाले आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाचे स्टॅन्ली गेर्ट यांनी 2000 मध्ये कुक काउंटीत कायोटींचा अभ्यास सुरू केला, तो अजून चालू आहे, आणि आजवर हजाराहून अधिक कायोटी पकडून, खुणा करून सोडून दिले गेले आहेत. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत उंदीर-घुशींसारखे लहान कृंतक 42 टक्के नमुन्यांत आढळले, फळे 23 टक्के, हरीण 22 टक्के आणि ससे 18 टक्के नमुन्यांत. मांजराचे अवशेष एक-दीड टक्क्याच्या आसपास, आणि माणसाच्या उष्ट्याखरकट्याचा वाटाही असाच अगदी थोडा. तेवीस टक्के फळे हे वाचताना मला ‘कोल्हा काकडीला राजी’ ही आपली म्हण आठवली. ज्याने ती रचली त्याने वेलीखालची उष्टी काकडी स्वतः पाहिली असणार. आमच्या सफरचंदाच्या झाडाखालीही मी दरवर्षी तेच पाहतो. शिकागोत कॅनडा हंसांच्या घरट्यांतली अंडी कायोटी फोडतात आणि त्यामुळे तिथल्या हंसांची वाढ आटोक्यात राहते, असेही गेर्ट यांना आढळले. आणि कायोटींना मारणारी सर्वांत मोठी गोष्ट बंदूक नव्हे, मोटारी आहेत.

याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. लहान कुत्रे आणि मांजरे तो नेतो. उत्तर अमेरिकेत कायोटीने माणसाचा जीव घेतल्याच्या दोन घटना नोंदलेल्या आहेत : 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेल इथे तीन वर्षांची एक मुलगी, आणि 2009 मध्ये कॅनडातल्या केप ब्रेटन हायलँड्स राष्ट्रीय उद्यानात एकोणीस वर्षांची एक तरुण गायिका. गेर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1960 ते 2006 या काळातले 142 हल्ले तपासले, तेव्हा त्यांतल्या सुमारे 30 टक्के ठिकाणी हल्ल्यापूर्वी कुणीतरी कायोटींना जाणूनबुजून किंवा नकळत खाऊ घालत होते. हे वाक्य मी पूर्वी वाचले होते. त्या दुपारी ते पुन्हा वाचले, आणि त्यातला ‘कुणीतरी’ मला आमच्या स्वयंपाकघरात सापडला.

संध्याकाळी मी शेजाऱ्यांकडे गेलो, कागद सही न करता टेबलावर ठेवला, आणि कॅमेऱ्यातली छायाचित्रे दाखवली. आईची भाकरी, रश्श्याचे तुकडे, एकोणीस रात्री, सगळे सांगितले. शेजारीणबाई उठून आत गेल्या. ते बराच वेळ शेवटचे छायाचित्र पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘मग तर तुम्ही सही करायलाच हवी.’

या वाक्याला माझ्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हते, आणि त्यात अन्याय काहीच नव्हता. ज्याने जनावर दारापर्यंत आणले त्याने ते दारातून काढण्याला नकार द्यावा, हे कुणालाही पटण्यासारखे नाही. मी एवढेच म्हणालो की त्या एका, शेंडा तुटलेल्या शेपटीच्या कायोटीला ओळखून, त्यालाच उचलायची व्यवस्था असेल तर मी आत्ता होकार देतो. पण चार महिने बंदूक घेऊन बसणाऱ्याच्या समोर कोण येईल ते त्याच्या हाती नसते. ते म्हणाले, ‘सगळेच कमी झाले तर तोही होईल.’

हाच मुद्दा आहे, आणि शिकारीच्या बाजूने बोलणारी प्रामाणिक माणसेही तोच मांडतात. त्यांचे दोन दावे असतात : मारल्याने संख्या घटते, आणि मारल्याने उरलेले माणसाला भितात. मी हे दोन्ही दावे मनापासून तपासले, कारण ते खरे असते तर मी सही केली असती.

संख्येचे आधी पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कोनोली आणि लाँगहर्स्ट यांनी 1975 मध्ये गणिती प्रतिकृती मांडून दाखवले की दरवर्षी 75 टक्के कायोटी मारले तरी एखाद्या प्रदेशातून ते नाहीसे व्हायला पन्नासएक वर्षे लागतील. अमेरिकेच्या कृषी खात्याचा वन्यजीव विभाग गेली कित्येक वर्षे दरसाल साठ हजारांच्या आगेमागे कायोटी मारतो आणि हा प्राणी याच काळात अलास्कापासून पनामापर्यंत पसरला आहे. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरातल्या कॅमेऱ्यांच्या आधारे 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर, जिथे शिकारीला मुभा आहे तिथे कायोटींची संख्या अधिक असल्याचे दिसले. कारण त्यांच्या घरच्या रचनेत आहे. एका हद्दीत एक जोडपे असते, त्यांची यंदाची पिल्ले आणि फार तर गेल्या वर्षीची एकदोन. शिकागोत अशी हद्द सरासरी पाच चौरस किलोमीटरांची भरली. त्याशिवाय हद्द नसलेले, जोडीदार नसलेले तरुण कायोटी पंचवीस चौरस किलोमीटरांहून मोठ्या पट्ट्यात, इतरांच्या सीमा चुकवत फिरत असतात आणि एखादे घर रिकामे होण्याची वाट पाहतात. मारलेल्याची जागा काही आठवड्यांत भरते. नवा येणारा तरुण असतो, त्याला गावाच्या खाणाखुणा माहीत नसतात, आणि जुन्या जोडप्याने घालून दिलेल्या वाटाही त्याला ठाऊक नसतात.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणता येणार नाही. माझ्या तालुक्याने हे फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. कुकडीच्या कालव्यांचे पाणी आले, ऊस उभा राहिला आणि उसात बिबट्या राहू लागला. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वनविभागात दिसेल तो बिबट्या पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडण्याची मोहीम चालली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हे आकडे मांडले : आधीच्या आठ वर्षांत माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, मोहिमेच्या काळात ते वर्षाला सतरावर गेले. बिबट्या आणि कायोटी यांची तुलना करणे धाडसाचे आहे हे मला कळते. बिबट्या माणूस मारतो. आमच्या भागात त्याने मुले मारली आहेत, आणि अंगणात मुलगा गमावलेल्या घरी मी जाऊन बसलो आहे. म्हणूनच कुणी ‘काहीतरी करा’ असे म्हटले की मी त्यांना मूर्ख समजत नाही. पण काहीतरी करण्याच्या घाईत नेमक्या जनावराऐवजी हाताला लागेल ते जनावर उचलले जाते, आणि त्याचे फळ पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाच्या दारात येते, हे मी पाहिले आहे.

दुसरा दावा भीतीचा. शिकार होते तिथला कायोटी माणसाला टाळतो, हे बव्हंशी खरे असेल. प्रश्न आहे तो जागेचा. 18 एकरांची ती वर्तुळे नकाशावर काढून पाहिली की दिसते, बंदूक कुठे चालते : टेकडीपलीकडच्या राखीव झाडीत, शेतांच्या कडेला, घरांपासून दूर. तिथे राहणारा कायोटी आधीच माणसाला टाळत असतो. म्हणून तर तो तिथे राहतो. जो टाळत नाही, जो दिवे चालू असताना दगडावर पाय ठेवतो, तो राहतो वर्तुळांच्या आत, अंगणे आणि कुंपणे यांच्यामध्ये, जिथे कायदा योग्य कारणासाठीच गोळी चालू देत नाही. इथले शिकारी ऑक्टोबर ते मार्चमध्ये जे कायोटी मारतात, त्यांतले फार थोडे कुणाच्या तरी कुत्र्याच्या मागावर असतील. बॉस्टनजवळचे नॅहॅन्ट हे समुद्रात शिरलेले, जेमतेम एका चौरस मैलाचे गाव आहे. तिथे पाळीव प्राणी गेले, लोक घाबरले, आणि शिकाऱ्याला उभे राहायला जागाच नसल्याने डिसेंबर 2022 मध्ये गावाच्या कारभाऱ्यांनी केंद्र सरकारचे नेमबाज बोलावण्याच्या बाजूने मत दिले. या राज्यात असे करणारे ते पहिले गाव. त्या निर्णयाला मी सरसकट चूक म्हणणार नाही. नेमके जनावर ओळखून ते काढून टाकणे कधीकधी अटळ असते, आणि ते प्रशिक्षित माणसाने करावे हे बरे. पण तो उपाय शेवटचा असावा, आणि त्याआधी दगडावरची भाकरी थांबलेली असावी.

शिकारीविषयी माझा तिटकारा नाही, हेही सांगितले पाहिजे. शेजारी दर नोव्हेंबरात एक हरीण मारतात, त्याचे मांस वर्षभर खातात आणि त्यातले थोडे आम्हाला देतात; ते मी मान खाली घालून घेतो, कारण दुकानातल्या कोंबडीपेक्षा त्या हरणाचे आयुष्य चांगले गेले होते. मला सहन होत नाही ती स्पर्धा : ठरावीक दिवसांत सर्वांत जास्त किंवा सर्वांत जड कायोटी मारणाऱ्याला बक्षीस. केप कॉडच्या भागात अशी स्पर्धा भरे. डिसेंबर 2019 मध्ये राज्याच्या वन्यजीव मंडळाने त्या बंद केल्या आणि मारलेले जनावर नुसतेच टाकून देण्यालाही मनाई केली. शेजाऱ्यांनी त्या निर्णयाला पाठिंबा दिला होता, हे मला त्या संध्याकाळी त्यांच्याच तोंडून कळले.

मी सही केली नाही. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि चहा विचारला.

आईला सांगणे त्याहून कठीण गेले. ती एवढेच म्हणाली, ‘मी पाखरांना घातली होती रे.’ मग बराच वेळ गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच शेजारीणबाईंकडे गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. ती तासाभराने परत आली, आणि मी काही विचारले नाही.

भाकरी थांबली. पक्ष्यांना दाणे घालायचे भांडे मी उतरवले, कारण खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांवर कायोटी. सफरचंदे पडल्या दिवशी उचलू लागलो. कायोटी दिसला की खिडकीतून कौतुकाने पाहण्याऐवजी बाहेर जाऊन, हात वर करून, पातेले बडवून, तो दृष्टीआड होईपर्यंत त्याच्याकडे चालत जायचे. राज्याचा वन्यजीव विभाग हेच सांगतो आणि मी ते तीन वेळा केले. पहिल्या वेळी तो थांबून माझ्याकडे पाहत राहिला. ते पाहणे मला फार लागले, कारण त्यात भीती नव्हती, ओळख होती. तिसऱ्या वेळी तो दार उघडल्याच्या आवाजानेच गेला. नोव्हेंबरमध्ये कॅमेऱ्यात तो चार रात्री दिसला. डिसेंबरपासून तो दगडापाशी थांबेनासा झाला. बांधाच्या कडेने, नाक खाली घालून, सरळ पुढे जाई.

शेजाऱ्यांच्या अकरा कोंबड्या आहेत. डिसेंबरच्या सुरुवातीला, जमीन गोठण्याआधी, आम्ही दोघांनी मिळून खुराडे नव्याने बांधले. मोठ्या भोकांची जुनी जाळी काढून अर्ध्या इंची भोकांची जाड जाळी लावली, आणि तीच जाळी खुराड्याभोवती जमिनीखाली दीड फूट आडवी पसरून पुरली, म्हणजे बाहेरून उकरणाऱ्याचे पंजे तिच्यावर अडतात. कोपरे कसे सांधायचे ते त्यांनी मला शिकवले. त्या दोन दिवसांत आम्ही कायोटीचा विषय काढला नाही.

हंगाम मात्र चालू होता, आणि 500 फुटांपलीकडे त्यांना माझी संमती लागत नव्हती. टेकडीपलीकडच्या झाडीत शिकारीला मुभा आहे. इथे कायोटीच्या शिकारीची वेळ मध्यरात्रीपर्यंत असते. बर्फावर चांदणे पडले की ते ससा ओरडल्यासारखा आवाज काढणारी शिट्टी घेऊन जात आणि तासन्‌तास बसून रिकाम्या हाती परत येत. फेब्रुवारीच्या मध्यावर, एका शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास, एकच बार ऐकू आला.

सकाळी त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या गाडीच्या मागच्या फळीवर ती आडवी पडली होती. मादी होती, तरुण, दातांवर झीज नसलेली. हिवाळ्याची दाट लव, कानांमागे तांबूस, पोटाशी जवळजवळ पांढरी. फेब्रुवारीचा मध्य हा त्यांच्या मीलनाचा काळ. एप्रिल-मेमध्ये पिल्ले होतात. शेपूट फळीच्या कडेवरून खाली लोंबत होती आणि तिचा शेंडा शाबूत, काळाभोर होता.

‘हीच का?’ त्यांनी विचारले.

‘नाही,’ मी म्हणालो.

त्यांनी ती शेपूट हातात घेतली, शेंड्यावरून अंगठा फिरवला, आणि हलकेच पुन्हा फळीवर ठेवली. त्यांच्या डोळ्यांत मला विजय दिसला नाही, थकवा दिसला. कातडे त्यांनी स्वतः नीट काढले आणि कमावायला पाठवले, कारण टाकून देणे त्यांच्या स्वभावात नाही. उरलेल्या तीन आठवड्यांत ते पुन्हा टेकडीपलीकडे गेले नाहीत. पुढच्या ऑक्टोबरात ते कागद घेऊन आले नाहीत.

त्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कॅमेऱ्यात शेंडा तुटलेला कायोटी पुन्हा दिसला आणि त्याच्या चार पावले मागे दुसरे एक जनावर चालत होते, अंगाने बारीक, मी आधी कधी न पाहिलेले. एप्रिलमध्ये बांधापलीकडून त्यांचे ओरडणे ऐकू येऊ लागले. दोनच कायोटी एकमेकांत सूर मिसळतात तेव्हा पंधरा-वीस असल्यासारखे वाटते. पुष्कळ लोकांच्या भीतीचे मूळ या आवाजात आहे.

यंदा मे महिन्यात आई पुन्हा आली. संध्याकाळी जेवणे झाली की ती उरलेली भाकरी पदराआड धरून बाहेर पडते, बांधाकडे वळत नाही, आणि अंगण ओलांडून शेजाऱ्यांच्या खुराड्यापाशी जाते. शेजारीणबाई दार उघडून धरतात. आई आत शिरते, दार मागून लावून घेतले जाते, आणि ती भाकरीचे अगदी बारीक तुकडे करून कोंबड्यांना घालते; शेवटचा तुकडा टिपला जाईपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहतात, आणि जमिनीवर काही उरलेले नाही ना हे वाकून पाहतात.